पावती द्या, साहेब

ईदच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. मी सावनेरला घरी आलो होतो. दुपारी मावसभावाच्या स्प्लेंडरवर मागे बसून निघालो आणि पुढच्या नाक्यावर आम्हाला थांबवलं. नाका कुठला, शिपाई कोण, हे इथे सांगत नाही, कारण आजची तक्रार मुख्यतः माझीच आहे.

शिपायाने गाडीला मागून चक्कर मारली आणि हसत विचारलं, "हे काय, नंबर आहे का ईदचं कार्ड?"

खरं सांगायचं तर प्रश्न चुकीचा नव्हता. गाडीच्या नंबरातले शेवटचे चार आकडे ८७८६. भावाने पेंटरकडून पहिला आठ एवढासा करून घेतला होता, पुढचे तीन आकडे हिरवे आणि ठसठशीत, वर चांदतारा. एमएच ४० ही अक्षरं कोपऱ्यात जेमतेम दिसत होती. मग लायसन्स मागितलं. त्याने नाव वाचलं आणि आवाज बदलला, निदान मला तसं वाटलं. "गाडी जमा होईल. पाच हजाराचा मामला आहे." भाऊ माझ्याकडे बघू लागला. मी पुण्यात नोकरी करतो, इंजिनीअर आहे, घरात मोठा. मी काय केलं? तीनशे रुपये घडी करून दिले. दोन मिनिटांत आम्ही रस्त्यावर. भाऊ म्हणाला, "अच्छा हुआ भाई, तुम साथ में थे."

ते वाक्य मला अजून टोचतं. म्हणून हे संपादकीय.

आधी पाटीचं बघू. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधले नियम ५० आणि ५१ नंबरप्लेट कशी असावी ते सांगतात. अक्षरं इंग्रजी, आकडे अरबी. (हो, नियमात 'अरबी' असाच शब्द आहे. पण म्हणजे ज्याला आपण इंग्रजी आकडे म्हणतो तेच. मोहल्ल्यातल्या एकाने हा नियम दाखवून वाद घालायचा प्रयत्न केला होता म्हणून सांगून ठेवतो.) खाजगी गाडीला पांढऱ्यावर काळा रंग. मोटारसायकलच्या मागच्या पाटीवर अक्षरं ३५ मिलिमीटर उंच, आकडे ४०. सगळे आकडे सारखे, एक लहान एक मोठा चालत नाही. चांदतारा, भगवा झेंडा, जातीचं नाव, 'प्रेस', नेत्याचा फोटो यातल्या कशालाही पाटीवर जागा नाही. ४१४१ वळवून 'दादा' करणारे आणि ८०५५ चा 'बॉस' करणारे सगळ्या गावांत, सगळ्या धर्मांत आहेत. हा आजार एकट्या आपला नाही. पण दुसऱ्याच्या पाटीवर 'दादा' आहे म्हणून माझ्या पाटीवरचा चांदतारा कायदेशीर होत नाही.

आणि ७८६ चं काय? अबजद पद्धतीने बिस्मिल्लाहच्या अक्षरांची बेरीज ७८६ येते, एवढाच त्याचा आधार. हा आकडा बिस्मिल्लाहची जागा घेऊ शकत नाही असं अनेक उलेमाच सांगत आले आहेत. तरी मोह सुटत नाही. परिवहन खात्याने तो मोह बरोबर ओळखलाय. २०२४ मध्ये राज्याने पसंतीच्या नंबरांचे दर वाढवले, तेव्हा ०७८६ ला ०००९ आणि ९९९९ च्या रांगेत बसवून दुचाकीसाठी पन्नास हजार आणि चारचाकीसाठी अडीच लाख रुपये केले. ज्याला परवडतं त्याने रीतसर घ्यावा, पैसे सरकारी तिजोरीत जातात. माझा राग त्यावर नाही. ज्याला परवडत नाही तो पेंटरकडून साठ रुपयांत ७८६ उठावदार करून घेतो आणि मग वर्षभर नाक्यानाक्यावर हप्ते भरत राहतो, त्यावर आहे.

आता ती 'पाच हजारा'ची धमकी. ही नीट समजून घ्यायला हवी, कारण सगळा सौदा तिच्यावर उभा असतो. मोटार वाहन कायद्याचं कलम १७७ किरकोळ उल्लंघनांसाठी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात पहिल्या वेळी पाचशे रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास दीड हजारांपर्यंत दंड आहे. पण कलम ३९ म्हणतं की गाडी नोंदलेली हवी आणि नंबर ठरवून दिलेल्या पद्धतीने लावलेलाही हवा. ते मोडलं तर कलम १९२ लागू शकतं आणि तिथे पहिल्याच वेळी पाच हजारांपर्यंत जाता येतं. म्हणजे एकाच वाकड्या पाटीसाठी समोरच्या माणसाच्या हातात पाचशे आणि पाच हजार असे दोन्ही आकडे आहेत. मधल्या साडेचार हजारांच्या जागेत तोडपाणी होतं. धमकी वरच्या आकड्याची दिली जाते आणि सुटका खालच्या आकड्याच्याही खाली होते, त्यामुळे देणाऱ्याला वाटतं आपण जिंकलो. मलाही त्या दिवशी क्षणभर तसंच वाटलं होतं.

एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेट, नाक्यावरचा हा खेळ बराचसा बंद करू शकते. ॲल्युमिनियमची पाटी, अशोकचक्राचा होलोग्राम, लेसरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक आणि एकदा बसवला की न तोडता निघणार नाही असा खिळा. पेंटरला त्यात काही करायला वाव नाही. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना ती कारखान्याकडूनच येते. त्याआधीच्या महाराष्ट्रातल्या गाड्या सुमारे दोन कोटी. त्यांच्यासाठी राज्याने तीन कंपन्या नेमल्या आणि दर ठरवला, दुचाकीला ४५० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ५३१. मुदत आधी ३१ मार्च २०२५ होती. मग ३० जून, मग १५ ऑगस्ट, मग ३० नोव्हेंबर, मग ३१ डिसेंबर. मुदत अशी सरकत राहिली की सामान्य माणूस ती गंभीरपणे घेत नाही. तालुक्याच्या गावी पाटी बसवण्याची तारीख मिळायला लागणारा वेळ आणि त्यापायी बुडणारी मजुरी यांचा हिशेब मंत्रालयात कुणी केलेला दिसत नाही. ५३१ रुपये वेल्डिंगच्या दुकानातल्या पोराला लहान रक्कम नाही. सरकारची ही चूक आहेच. त्यात बनावट बुकिंग साइट्स निघाल्या, त्यांनी लोकांना फसवलं. त्यामुळे गूगलवर दिसणाऱ्या पहिल्या लिंकवर जाऊ नका. परिवहन खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर जाऊन आपल्या आरटीओची कंपनी निवडा, मगच पैसे भरा.

आपल्याकडे अडचण मात्र पाटीच्याही आधी सुरू होते. सावनेरमध्ये गॅरेजवाले, फळवाले, खाणीत ठेकेदारीवर जाणारे, यांच्यातल्या किती जणांच्या गाड्या त्यांच्या स्वतःच्या नावावर आहेत? गाडी तिसऱ्या हातातून आलेली, मूळ मालक काटोलला किंवा कामठीला, फॉर्म २९ आणि ३० वर सही घेऊन ठेवलेली, पण आरटीओत दाखल कुणी केलेली नाही. छिंदवाडा रोडने आलेल्या एमपी २८ च्या गाड्या तर वर्षानुवर्षं तशाच फिरतात. खरं तर दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली तर नवा नंबर घ्यावा लागतो. 'चलता है' म्हणून चालवलेली ही गाडी अपघातापर्यंत चालते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की गाडी कितीही वेळा विकली गेली असली तरी नोंदवहीत ज्याचं नाव तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. म्हणून विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने, दोघांनीही नाव बदलून घ्यावं.

कुणी म्हणेल, एवढ्या मोठ्या प्रश्नांच्या काळात हे काय पाटीचं पुराण? तर थोडं मागे जातो. सुरक्षित नंबरप्लेटचा नियम २००१ मध्ये आला आणि राज्यं तो राबवत नाहीत म्हणून मनिंदरजीत सिंग बिट्टा सर्वोच्च न्यायालयात गेले. चोरीच्या आणि बनावट नंबरच्या गाड्या दहशतवादी वापरतात, हा या नियमामागचा एक मुख्य मुद्दा होता. हे ऐकलं की आपल्यातले काही जण अंग चोरतात, जणू हा नियम आपल्यावरच नजर ठेवायला आणलाय. त्यांनी मालेगाव आठवावं. २९ सप्टेंबर २००८, रमजानचा महिना, भिक्कू चौक, सहा जीव गेले. तपास यंत्रणांचा खटला एका एलएमएल फ्रीडम मोटारसायकलभोवती होता. ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष सोडलं. गाडी कुणाची हे सिद्ध झालं नाही आणि तिचा चेसिस नंबर पूर्ण मिळालाच नाही, हे निकालातल्या कारणांपैकी एक. त्या निकालावर तुमचं मत काहीही असो. गाडीची ओळख पटली नाही की नुकसान कुणाचं होतं, हे मालेगावच्या त्या सहा घरांना माहीत आहे. गाडीची ओळख पुसता येऊ नये यात आपलं हित आहे, इतर कुणाहीइतकंच.

आता नाक्यावरच्या माणसाकडे वळू. गणवेशातल्या पोलिसाला लायसन्स आणि कागद मागण्याचा अधिकार आहे, ते दाखवायचे. डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमधले कागद चालतात, नियम १३९ मध्ये ते मान्य आहे. त्या वेळी जवळ नसतील तर पंधरा दिवसांत सादर करण्याची सोय त्याच नियमात आहे. चालत्या गाडीची चावी काढून घ्यायचा अधिकार देणारं कलम या कायद्यात मला सापडलेलं नाही. स्वतःच्या खाजगी मोबाइलवर गाडीचे फोटो काढून नंतर चलान टाकू नये, असं राज्याच्या वाहतूक पोलिसांनीच २०२५ मध्ये परिपत्रक काढून आपल्या लोकांना बजावलं आहे. हे सगळं माहीत असावं, पण ते रस्त्यावर छाती काढून ऐकवायची गरज नाही. सलाम करा, 'साहेब' म्हणा, व्हिडिओ काढून स्टेटसला टाकायची घाई करू नका. आणि चूक आपली असेल तर ती मान्य करून एवढंच म्हणा: "चलान करा, साहेब. पावती द्या."

हे म्हणणं सोपं नाही, मला माहीत आहे. लायसन्सवरचं नाव वाचल्यावर पुढे काय होईल ही भीती तोडपाण्याचा वेग वाढवते. आपला पोरगा इतरांपेक्षा लवकर खिशात हात घालतो, कारण त्याला तिथून लवकर निघायचं असतं. आई घरी वाट बघत असते. त्या भीतीला मी नावं ठेवत नाही, मी स्वतः तीच भीती तीनशे रुपयांत मोजली.

पण माझ्या धंद्यातली एक गोष्ट इथे लागू पडते. जे नोंदलं गेलं नाही ते मोजता येत नाही. ई-चलानमध्ये गाडी, तारीख, वेळ, ठिकाण, कलम आणि रक्कम असते. आपली नेहमीची तक्रार काय? नाका आपल्याच मोहल्ल्याच्या तोंडाशी लागतो, जुम्याच्या दिवशीच लागतो, दाढी-टोपीवाल्यालाच आधी थांबवतात. असेल तसं, नसेलही. हे तपासायचं कशावर? गेल्या वर्षी अमुक रस्त्यावर अमुक वारी किती चलानं झाली हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं, दहा रुपये आणि तीस दिवस लागतात. पण उत्तर आलं की 'तिथे फक्त अकरा चलानं', तर आपली तक्रार तिथेच संपते. उरलेली शेकडो प्रकरणं घडी केलेल्या नोटांत गेलेली असतात. आपण दर वेळी पैसे देऊन सुटतो तेव्हा त्या शिपायाचा अपराध लपवतोच, शिवाय आपला स्वतःचा पुरावाही जाळतो. माझ्या त्या तीनशे रुपयांनी असाच एक पुरावा गेला. त्या दुपारी त्या नाक्यावर आम्हाला थांबवलं होतं, याची नोंद आज जगात कुठेही नाही.

भावाला मी हे फोनवर सांगितलं तेव्हा तो आधी चिडला. "भाई, पुण्यात बसून बोलणं सोपं आहे." बरोबर होतं. मग त्याने गाडीचं नाव बदलून घेतलं, आरटीओत दोन चकरा झाल्या. नव्या पाटीचं बुकिंग केलं, तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. मधल्या दिवसांत त्याला पुन्हा अडवलं. पाटी अजून तीच होती, हिरवी. तो म्हणाला, पावती द्या. उत्तर आलं, मशीन बंद आहे. तो म्हणाला, मग सुरू होईपर्यंत थांबतो. गाडी स्टँडवर लावून बाजूच्या टपरीवर बसला. पाऊण तासाने त्याच्या मोबाइलवर चलानचा मेसेज आला आणि त्याने तो मला पाठवला, खाली लिहून, "लो भाई, रेकॉर्ड."

पुढच्या महिन्यात सावनेर, कळमेश्वर आणि काटोल या तालुक्यांसाठी आपण माहिती अधिकाराचा अर्ज करतो आहोत: ठिकाण आणि वारनिहाय चलानांची संख्या. मसुदा मी लिहितो आहे. अर्जावर सही करायला प्रत्येक तालुक्यातून एक जण हवा, ज्याची स्वतःची पाटी नियमात बसते असा.