शिलाई मशीन पुरे झाली

खेड्यात बायकांसाठी प्रशिक्षण म्हटलं की शिलाई मशीन, पोरांसाठी म्हटलं की संगणकाचा कोर्स. आपल्या योजनांची मजल सहसा इथवरच. शेवटच्या दिवशी पाहुण्यांच्या हस्ते प्रमाणपत्रं, एक फोटो, चहा. पण एकाच गावात तीस जणी शिवायला शिकल्या, तर शिवून घेणाऱ्या कुठून आणायच्या? लहान मुलांचे तयार कपडे आठवडे बाजारात शिलाईच्या पैशांत मिळतात. मग मशीनवर घडीच्या कपड्यांचा ढीग चढतो.

शिलाईशी माझं वैर नाही. राग आहे तो गावाची गरज न विचारता प्रशिक्षण ठरवण्याचा.

याहून वेगळी वाट आधीच दाखवलेली आहे. शिरूर तालुक्यातल्या दुष्काळी पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्तान लिव्हरमधली शास्त्रज्ञाची नोकरी सोडून आलेला हा माणूस. त्यांनी आखलेल्या अभ्यासक्रमात वेल्डिंग, वायरिंग, शेती-जनावरं, अन्नप्रक्रिया, आरोग्य तपासण्या असं सगळंच येतं, आणि ते सगळ्यांनीच शिकायचं. मुलींनी वर्कशॉपमध्ये उभं राहायचं, मुलांनी स्वयंपाकघरात. शाळांसाठी हाच कार्यक्रम आठवड्यातून एक दिवस चालतो.

मला त्यातला हिशेबाचा भाग फार आवडतो. समजा, खिडकीची जाळी करायची आहे. आधी माप, मग कागदावर चित्र. सळई किती लागेल, वेल्डिंगचे रॉड किती जळतील, वीज किती, मजुरी किती, हे मांडून दर काढायचा. मग हातात होल्डर. सुरुवातीला रॉड पत्र्याला चिकटतोच, जोडाला भोकं पडतात, पुन्हा घासून पुन्हा लावायचं. जाळी खरोखर कुणाच्या तरी घराला बसणार असते, म्हणून वाकडी चालत नाही. असं शिकलेली मुलगी गिऱ्हाइकाला दर सांगताना चाचरत नाही. आपल्या बहुतेक वर्गांत नेमकं हेच सुटतं: टाका शिकवतात, भाव करायला शिकवत नाहीत.

‘बायका वेल्डिंग करणार?’ असं विचारणाऱ्यांना उन्हातान्हात डोक्यावर विटा वाहणाऱ्या बायका दिसत नसाव्यात.

सरपंचांना एक विनंती. विकास आराखड्यात प्रशिक्षणासाठी पैसा टाकण्याआधी महिनाभर एक यादी करा: जळालेली मोटर, तुटलेलं गेट, बिघडलेला फवारणी पंप, दुरुस्तीसाठी तालुक्याला काय काय जातं? त्या यादीवरून वर्ग ठरवा, आणि पहिल्या तुकडीतल्या निम्म्या जागा बायकांना द्या.