होडीवरचा ओटा

वटारहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात: "यंदा नारळी पौर्णिमेच्या आधी घरात बोट आली. नवी कोरी नव्हे, चार वर्षे वापरलेली. आमचे यजमान, धाकटे दीर आणि अर्नाळ्याचे त्यांचे दोन मित्र अशा चौघांनी मिळून घेतली. माझ्या पाटल्या त्यात गेल्या, त्याचे मला काही नाही. पण इंजिनाची दुरुस्ती झाली, जाळी झाली, मासळी दाखवणारे यंत्रसुद्धा झाले. आणि स्वयंपाकाचे विचारले तर म्हणतात, 'घरातली जुनी भांडी दे बांधून. तो दुसरा सिलिंडर पडूनच आहे, तोही नेतो.' सहा माणसे पाच-पाच दिवस समुद्रावर राहणार. थोडे पैसे मी बाजूला ठेवले आहेत. त्यात काय काय घेऊ?"

वहिनी, पत्र लिहिलेत हे फार बरे केलेत. वटार तसे वाड्यांचे, बागायतीचे गाव. पण समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि शेजारची आगाशी तर सोळाव्या शतकात जहाजबांधणीसाठी नाव मिळवून होती. तेव्हा बागायतदाराच्या घरात बोट आली यात नवल काही नाही. नवल याचे वाटते, की बोटीचा सगळा हिशेब पुरुषांनी मांडला आणि त्यात माणसे जेवणार कशी, पिणार काय, याचे पानच कोरे राहिले! ज्या बोटीत तुमच्या पाटल्या आहेत, तिच्यावर काय चढते आणि काय चढत नाही, हे विचारायचा हक्क तुमचा आहे. संकोच करू नका.

पहिली गोष्ट स्वयंपाकाची नाहीच. बाजूला ठेवलेल्या पैशांतून आधी लाइफ जॅकेटे पाहा. जुन्या बोटीबरोबर आलेली असतील तर एकेक हातात घेऊन पट्टे ओढून बघा, शिवण उसवली आहे का, आतला फोम चुरा झाला आहे का ते तपासा. सहा माणसे तर सहा जॅकेटे, आणि वर एक जास्तीचे. ती जाळ्याच्या ढिगाखाली नव्हे, उभ्या उभ्या हात घालता येईल अशा जागी टांगलेली हवीत. केबिनच्या दारावर आतून-बाहेरून रंगाने मोठ्या आकड्यांत १५५४ लिहून घ्या. हा तटरक्षक दलाचा मदतीचा क्रमांक आहे. तोच आकडा घरी फोनजवळही असू द्या. आता स्वयंपाकाकडे वळू.

पाण्याचा हिशेब

घरी आपण नळ सोडतो आणि विसरतो. समुद्रावर मात्र पाणी सोन्यासारखे मोजावे लागते. उन्हातान्हात जाळे ओढणाऱ्या माणसाला पिण्यालाच तीन-साडेतीन लिटर लागते. भात, आमटी, चहा धरून माणशी रोजचे पाच लिटर तरी हवे. सहा माणसे, पाच दिवस, म्हणजे दीडशे लिटर. इंजिन बिघडले, वारा उलटा फिरला, तर एक-दोन दिवस वाढतात. म्हणून वर आणखी पन्नास. दोनशे लिटरच्या खाली तडजोड करू नका. पुरुषमंडळी "वजन होतं" म्हणतील. तेवढे वजन बर्फात कमी करा म्हणावे.

हे पाणी एकाच मोठ्या पिंपात भरायचे नाही. वीस-वीस लिटरचे दहा कॅन घ्या. खाण्याच्या वस्तूंसाठी असलेले, फिरकीच्या झाकणाचे. तेलाचे किंवा औषधाचे रिकामे कॅन धुऊन वापरणे नको. नौदलाचे अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करत होते. परतीच्या वाटेवर त्यांच्या टाकीतल्या पाण्यात डिझेल मिसळले आणि पावसाचे पाणी धरून दिवस काढावे लागले. एवढ्या तयारीच्या नौकेवर हे होते, तर आपल्या बोटीवर डिझेलचे पिंप आणि पाण्याचे पिंप शेजारी शेजारी असतात! म्हणून पाणी एका टोकाला, डिझेल दुसऱ्या टोकाला. कॅनवर निळ्या रंगाची रुंद पट्टी ओढा, म्हणजे अंधारातही हात चुकणार नाही. एक कॅन गळला किंवा बिघडला, तरी नऊ उरतात.

आणखी एक. मासळीसाठी नेलेला बर्फ पिण्याच्या पाण्यात टाकायचा नाही, सरबतातही नाही. तो कोणत्या पाण्याचा, कुठल्या फरशीवरून ओढत आणलेला, कोणी पाहिलेले असते? पोरे ऐकत नाहीत, पण पाच दिवसांच्या सफरीत दुसऱ्या दिवशी जुलाब लागले तर काय, हे तांडेलाला विचारा.

समुद्राच्या पाण्याचा उपयोग मात्र पुष्कळ आहे. भांडी त्यानेच घासायची आणि शेवटी वाटीभर गोड्या पाण्याने विसळायची. किनारा खूप मागे पडला की आमटी-रश्श्यात चार वाट्या गोड्या पाण्याला एक वाटी समुद्राचे घालता येते. एका लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ असते, त्यामुळे वेगळे मीठ घालायला लागत नाही. खाडीचे किंवा बंदरातले पाणी मात्र मुळीच नको, कितीही उकळले तरी नको.

तो दुसरा सिलिंडर

वहिनी, तो घरातच राहू द्या. एक तर घरगुती सिलिंडर धंद्याच्या कामाला वापरायला कायद्याने मनाई आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, चौदा किलो गॅसचा तो सिलिंडर भरलेला असताना तीस किलोच्या आसपास भरतो. बोट एका कुशीवर गेली की तो आडवा होतो आणि गडगडत कोणाच्या पायावर येईल सांगता येत नाही.

खरा धोका याहून मोठा आहे. आपल्या स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर आपण दार उघडतो आणि तो जमिनीलगत सरपटत बाहेर जातो. बोटीला खालून दार कुठले? गळलेला गॅस फळ्यांच्या फटीतून उतरतो आणि तळात साचून राहतो, भांड्यात पाणी साचावे तसा. वर वास थोडाच येतो, त्यातून डिझेलचा आणि मासळीचा वास नाकात भरलेला. मग पहाटे कोणी इंजिन सुरू करतो, ठिणगी पडते... पुढचे लिहीत नाही. यासाठी पाच किलोचा छोटा सिलिंडर विक्रेत्याकडून रीतसर घ्या. रोज तीन तास शेगडी पेटली तरी पाच दिवसांना तो पुरून उरतो. तो केबिनमध्ये नाही, फळीखाली नाही. वर उघड्यावर, उभा, दोन जागी पट्ट्याने आवळून बांधायचा. स्वयंपाक झाला की शेगडीची चावी नव्हे, सिलिंडरचाच रेग्युलेटर बंद. नळी घरची उतरवलेली देऊ नका. आत तारेची जाळी असलेली, मार्क्याची नवी नळी घ्या आणि खाऱ्या हवेत ती वर्षाला बदला. रेग्युलेटरवर गंज दिसला की तोही बदला. गळती आहे का ते साबणाचा फेस लावून पाहायचे. काडी ओढून पाहणारे शूर पुरुष आपल्याकडे अजून आहेत, म्हणून मुद्दाम लिहिते.

आग विझवायचा कोरड्या पावडरीचा छोटा डबा शेगडीच्या मागे टांगू नका. आग लागली तर तिच्यावरून हात न्यावा लागेल. दाराशी टांगा. कढईतले तेल पेटले तर पाणी ओतायचे नाही, घट्ट झाकण ठेवून गॅस बंद करायचा. आणि मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत शेगडी आत घेऊन, दार लावून झोपायचे हे तर कोणी करता कामा नये. त्या हवेने झोपेतच माणसे जातात, खोकलाही येत नाही.

शेगडी कशी बसवायची? शिडाच्या मोठ्या नौकांवर ती दोन बाजूंच्या खिळींवर झुलती ठेवतात. बैलगाडीखाली टांगलेला कंदील गाडी कितीही कलली तरी सरळच राहतो ना, तसे. आपल्या बोटीवर एवढे नको. जाड पत्र्याची, वीतभर उंच कडांची पेटी करून शेगडी तिच्यात स्क्रूने पक्की करा आणि भांडे धरून ठेवायला चारी बाजूंनी लोखंडी पट्ट्यांचा कठडा लावून घ्या. गावातला वेल्डिंगवाला एका दुपारी करून देईल.

भांडी थोडी, पण कामाची

घरातली जुनी भांडी म्हणजे बहुधा ॲल्युमिनियमची, बुड पोचलेली. खाऱ्या पाण्याने त्यांना भोके पडायला वेळ लागत नाही. शिवाय बुड गोल झालेले भांडे हलत्या शेगडीवर भोवऱ्यासारखे फिरते. त्यापेक्षा स्टीलचा मोठा प्रेशर कुकर घ्या. सगळ्यांत जास्त पैसे त्यावरच घाला. बोटीवर त्याच्याइतके गुणी भांडे नाही, कारण झाकण अडकलेले असते; कलंडला तरी भात अंगावर सांडत नाही, गॅसही वाचतो. जोडीला सपाट बुडाचा, दोन कानांचा, झाकणाचा एक खोल टोप, एक तवा, किटली, पळी, डाव, मजबूत सांडशी. टोप अर्ध्याच्या वर भरायचा नाही. जेवायला थाळ्या-वाट्यांचा पसारा नको. स्टीलचे खोलगट वाडगे सहा आणि एक जास्त. मांडीवर धरून जेवता येते. पाटाची विळी देऊ नका, तिचे पाते उघडे असते. दोन सुऱ्या, म्यानासकट. काचेची बरणी एकही नको, लोणच्याचीसुद्धा.

डबे सगळे फिरकीच्या झाकणाचे, एकाच मापाचे, म्हणजे लाकडी खोक्यात गच्च बसतात. काड्यापेट्या एका छोट्या डब्यात, तळाशी मूठभर तांदूळ टाकून. कांदे-बटाटे जुन्या जाळ्याच्या पिशवीत वर टांगले की वारा लागतो आणि टिकतात.

खाण्याचे मी काय सांगणार? मसाला तुमच्या हातचा असेलच, आणि कालवणाची मासळी तर त्यांच्या पायाशी! दोन दिवसांच्या तांदळाच्या भाकऱ्या, पुढे भात. मूगडाळ, पोहे, गूळ-शेंगदाणे, चिंच किंवा कोकम, भरपूर चहा-साखर. पण एक वस्तू आठवणीने द्या: सुकेळी. राजेळी केळ्यांची उन्हात वाळवलेली ही वसईची खास चीज मुंबईत आपण गोडधोड म्हणून खातो, पण बोटीवर ती खरी शहाणी शिदोरी आहे. चूल पेटवता आली नाही, लाटा चढल्या, कोणाला काही शिजवण्याचे त्राण राहिले नाही, तर दोन सुकेळी आणि पाणी यावर माणूस सुकाणू धरून बसू शकतो. माणशी दहा मोजून, वेगळ्या डब्यात ठेवा, आणि तो डबा एरवी उघडायचा नाही असे बजावा.

औषधाच्या डब्यात ओआरएसची पाकिटे भरपूर, पट्ट्या, कापूस, चिकटपट्टी, आणि ताप-उलटीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून. भाजले तर हळद, टूथपेस्ट काही लावायचे नाही. वीस मिनिटे गार पाणी, हाताशी असेल तर समुद्राचेसुद्धा चालेल. आणि शिंगाळ्याचा किंवा पाकटाचा काटा लागला, तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवायचा. त्या विषाचा जोर उष्णतेने ओसरतो आणि ठणका कमी होतो. काटा खोल गेला असेल, तर किनाऱ्याला आल्यावर दवाखाना चुकवायचा नाही.

यजमान म्हणतील, "बायकांना बोटीतलं काय कळतं?" तर त्यांना 'तारिणी'ची गोष्ट सांगा. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली ही सतरा मीटरची शिडाची नौका. १० सप्टेंबर २०१७ ला नौदलाच्या सहा जणी, वर्तिका जोशी त्यांच्या प्रमुख, तिच्यातून गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ ला परत आल्या. पुढे त्याच नौकेतून दिलना आणि रूपा या दोघीच २ ऑक्टोबर २०२४ ला निघून २९ मे २०२५ ला परतल्या. शीड, सुकाणू, चूल, सगळे दोघींच्याच हातात!

सामानाची यादी दोन प्रतींत करा. एक प्लॅस्टिकमध्ये घालून केबिनमध्ये, एक तुमच्याकडे. प्रत्येक फेरीनंतर काय उरले ते लिहून ठेवा. पाण्याचे किती कॅन भरलेले परत आले, हा आकडा सर्वांत आधी. तीन फेऱ्यांत तुम्हाला नेमके माप कळेल. आणि १ जूनला बंदी लागून बोट किनाऱ्यावर ओढली, की सिलिंडर, कुकरची रबरी रिंग, जॅकेटे आणि कॅन त्याच दिवशी घरी आणा. पावसात बोटीवर राहिलेल्या कॅनना शेवाळ धरते, आणि मग ते कितीही धुतले तरी वास जात नाही.