नवसाचे बकरे आणि डाळीची पंगत

मांसाहार सोडावा असे म्हटले की आमच्याकडील सुशिक्षित गृहस्थ अहिंसेवर प्रवचन आरंभितात, आणि ज्याने ते ऐकावयाचे तो उठून जातो. बीड जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर हा प्रश्न शास्त्राचा कमी व कर्जाचा अधिक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस गेलेली कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडी गावी परततात. मग कोणाचा नवस राहिलेला असतो, कोणाची कंदुरी. भाऊबंद व सोयरेधायरे जमतात, बकरे एका रात्रीत संपते. आणि त्यापायी काढलेले हातउसने पुढल्या हंगामाच्या उचलीतून फेडावे लागते.

या चालीविरुद्ध उभा राहिलेला पुरुष याच जिल्ह्यातला. सावरगाव घाट येथे 1896 साली जन्मलेल्या भगवानबाबांनी गावोगाव कीर्तने करून पशुबळी सोडविला व कष्टकऱ्यांच्या गळ्यांत तुळशीची माळ घातली. गाडगे महाराजांनीही जत्रांतील बळीवर असेच कोरडे ओढले. दोघांनीही लोकांच्या मुखातला घास केवळ काढून घेतला नाही. भगवानगडाच्या नारळी सप्ताहात पंगती आजही उठतात. मात्र माळकऱ्याने माळ न घातलेल्या शेजाऱ्यास हलके लेखावे, हे आम्हांस मुळीच मान्य नाही. तसे करावयाचे असेल तर माळ खुंटीवरच राहिलेली बरी!

मांस सोडल्यास कोयता चालविण्याचे बळ कोठून आणावे, हा आक्षेप पोकळ नव्हे. शंभर ग्रॅम तुरीच्या डाळीत सुमारे 22 ग्रॅम प्रथिने असतात, तितक्याच कच्च्या मटणात साधारण 20. बाजरी-ज्वारीत जे उणे असते ते डाळ भरून काढते. परंतु डाळ घट्ट व रोजची हवी. तूर पिकवून मोंढ्यावर घालावयाची आणि घरी पाणीदार आमटी ओरपावयाची, याने अंगी बळ कसे येणार? शिवाय बी-12 हे जीवनसत्त्व धान्य-भाजीपाल्यातून मिळत नाही; घरी दूध-ताकाची सोय नसेल त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याची गोळी घ्यावी.

आमच्या व्यापारी वाचकांस एक विनंती आहे. सप्ताहास आपण वर्गणी देताच. यंदा जो कोणी कंदुरीऐवजी पुरणाची पंगत घालील, त्यास हरभऱ्याची डाळ व गूळ खरेदीच्या भावाने द्यावा, आणि उधारीवर व्याज लावू नये.