पिंपळावरचा मुंजा

"या वयात जपानी कार्टून?" असं घरात विचारून झालंय. पण 'नात्सुमे युजिन्चो'च्या मी प्रेमात पडलोय, इलाज नाही! युकी मिदोरिकावाची ही चित्रकथा २००३ साली सुरू झाली, तिच्यावरची ॲनिमे मालिका २००८ मध्ये आली. शाळकरी नात्सुमेला भुतं दिसतात. त्याच्या आजीने भुतांना हरवून त्यांची नावं एका वहीत गोळा केलेली. नातू ती एकेकाला परत करतो. बस्स, एवढंच.

पाहताना नेवाशाजवळच्या आमच्या गावातला पिंपळ आठवला. त्यावर मुंजा आहे म्हणून शाळेतून येताना आम्ही तिथून धूम ठोकायचो. पण मुंजा म्हणजे कोण? मुंज झालेला, सोडमुंजीआधीच गेलेला मुलगा. म्हणजे आमच्याच वयाचा की! आजी त्याला दहीभात ठेवायची. नाव मात्र आम्ही कधी विचारलं नाही.

भूत खरं की खोटं, हा वाद बाजूला ठेवा. पोरांना भुताची गोष्ट जरूर सांगावी, पण नुसतं घाबरवायला नको. त्या भुताचीही कुणीतरी आई होती, हे त्यांना कळू द्यावं.

आजीला नाव ठाऊक असेलही. आता विचारायला आजीच नाही.

असो.