चिडकी की दमलेली?

"डॉक्टरमावशी, मी हल्ली उगाचच चिडते. धाकट्या भावाने वही घेतली तरी ओरडते, मग एकटीच रडत बसते. अभ्यासाला बसलं की डोकंच चालत नाही. आई म्हणते, तुला लाडावून ठेवलंय! आणि एक गंमत सांगू? मला पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते."

आठवीतल्या एका मैत्रिणीचं हे पत्र. शेवटचं वाक्य तिने गमतीने लिहिलंय, पण मी नेमकी तिथेच थांबले. पेन्सिल, खडू, माती, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं ही पुष्कळदा अंगातलं लोह कमी झाल्याची खूण असते.

आता म्हणाल, लोहाचा आणि चिडण्याचा काय संबंध? मोठाच आहे! रक्तातलं हिमोग्लोबिन लोहाशिवाय तयार होत नाही, आणि तेच प्राणवायू सगळीकडे पोचवतं. आपला मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण प्राणवायू फस्त करतो जवळजवळ २० टक्के. शिवाय डोपामिन आणि सेरोटोनिन या रसायनांवर आपला उत्साह, आपली मनःस्थिती बरीच अवलंबून असते. ती मेंदूत बनायलाही लोह लागतं. ते कमी पडलं की माणूस दमतो, लक्ष लागत नाही, बारीकसारीक गोष्टींनी भडका उडतो.

आईबाबा, हे तुमच्यासाठी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के जणींना रक्तक्षय आढळला, मुलग्यांपैकी ३१ टक्के जणांना. वाढीचं वय, त्यात मुलींची पाळी सुरू झालेली. लेकीला 'आळशी' म्हणण्याआधी एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्या. या वयाच्या मुलीचं ते १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांना विचारा. मनाने गोळ्या आणू नका.

खायचं काय? अळिवाचे लाडू, बाजरीची भाकरी, चवळी, मटकी, तीळ. चालत असेल त्यांनी मटण, कलेजी. वर लिंबू पिळायचं किंवा पेरू खायचा, कारण 'क' जीवनसत्त्वामुळे भाजीपाला-कडधान्यांतलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा मात्र नको. चहातलं टॅनिन लोहाला अडवतं. (मलाही चहा सुटत नाही, म्हणून तासभर कळ काढते!)

शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते ना? ती खिशात घालून घरी आणू नका. जेवल्यावर पाण्याबरोबर घ्या. शौचाला काळं झालं तर घाबरायचं कारण नाही.

प्रत्येक रुसवा लोहामुळेच येतो असं नाही हं. बरेच दिवस उदास वाटत असेल, तर रक्ताचा रिपोर्ट चांगला आला तरी आईबाबांशी, डॉक्टरांशी बोला.

आणि पेन्सिलवाल्या मैत्रिणी, हे पत्र आईला आजच वाचून दाखव. तपासणीत किती आकडा आला, तो मला कळव. मी वाट बघतेय.