निवाडा रिंगणात, माया घरात



आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, या बाईंना झालंय तरी काय! राहायचं जवळा बाजारला आणि लिहायचं कुठल्या तरी परदेशातल्या कुत्र्यांच्या प्रदर्शनावर! पण जरा थांबा. कुत्र्यांचं परीक्षण करायला देशोदेशी जाणारी माणसं आहेत, आणि त्यांत बायकाही पुष्कळ आहेत. शनिवार-रविवार प्रदर्शनाचं काम उरकायचं आणि त्याच देशात लेक, भाऊ किंवा बहीण राहत असेल तर सोमवारी तिच्या दारात उभं राहायचं. एकाच तिकिटात निवाडाही आणि नातीही! कुत्र्यांशी तुमचा-माझा संबंध असो वा नसो, नातेवाइकांकडे जाऊन राहण्याशी प्रत्येकीचा आहे. म्हणून या परीक्षकांकडून आपल्याला थोडं शिकण्यासारखं आहे.

आधी एक गैरसमज दूर करू या. श्वान प्रदर्शन हे काही फक्त गोऱ्या लोकांचं खूळ नाही. आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यात, माळेगावच्या खंडोबाची मोठी यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट यांच्या बाजारासाठी ती प्रसिद्ध आहे. तिथं जिल्हा परिषदेतर्फे घोडे आणि कोंबड्यांबरोबर कुत्र्यांचंही प्रदर्शन भरत आलं आहे. आणि ते शोभतंही, कारण खंडोबाच्या तसबिरीत घोड्यापाशी कुत्रा असतोच की!

आपल्या भागातला नावाजलेला कुत्रा म्हणजे कारवानी. लांब पाय, आत ओढलेलं पोट, निमुळतं तोंड आणि वाऱ्यासारखी धाव. अंगावर रेशमासारखे लांब केस असले की त्यालाच पश्मी म्हणतात. कर्नाटकातल्या मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली, म्हणून मुधोळ हाउंड हेही नाव पडलं. इंग्लंडच्या पंचम जॉर्ज बादशहाला त्यांनी या कुत्र्यांची जोडी नजर केली, असं सांगतात. 2005 साली आपल्या पोस्टखात्यानं कुत्र्यांच्या चार जातींची तिकिटं काढली, त्यांत मुधोळही होता. शेतावर राखणीला असलेला हा कुत्रा आपण रोज पाहतो, पण त्याची किंमत आपल्याला ठाऊक नसते.

आता परीक्षकाचं काम काय, ते बघा. तुम्हांला वाटेल, दहा कुत्रे उभे करायचे आणि त्यांतला देखणा निवडायचा. तसं नाही. प्रत्येक जातीचं एक लेखी वर्णन असतं. डोकं केवढं, कान कसे, दात कसे जुळावेत, छाती किती खोल, चाल कशी, स्वभाव कसा, सगळं त्यात आलं. परीक्षक समोरचा कुत्रा त्या वर्णनाशी ताडून पाहतो. स्वतःच्या आवडीनिवडीला तिथं वाव नाही. आधी लांबून पाहायचं, मग जवळ जाऊन अंगावरून हळुवार हात फिरवायचा, दात बघायचे, मग चालवून-पळवून बघायचं. लहान चणीच्या कुत्र्याला टेबलावर उभं करतात. एकेका कुत्र्याला मोजकी दोन-तीन मिनिटं मिळतात, आणि तेवढ्यात निर्णय द्यायचा असतो.

आणि ही परीक्षकी फुकट मिळत नाही हो! आधी वर्षानुवर्षं स्वतः कुत्री पाळायची, प्रदर्शनात उतरवायची, मग रिंगणात मदतनीस म्हणून उभं राहायचं, परीक्षा द्यायच्या, आणि मग एकेका जातीसाठी परवानगी मिळत जाते. आपल्या देशात हे काम केनेल क्लब ऑफ इंडिया पाहतो. त्याचं कार्यालय चेन्नईला आहे. जगातल्या अनेक देशांच्या संस्थांना जोडणारी मोठी संस्था 1911 साली युरोपात स्थापन झाली. तिचं मुख्य ठाणं बेल्जियममध्ये आहे. परीक्षकाला परदेशी बोलावलं की जाण्यायेण्याचा आणि राहण्याजेवणाचा खर्च बहुधा बोलावणारी मंडळी करतात. हातात पडणारं मानधन थोडकंच. तेव्हा हा धंदा नव्हे, हौसेतून आलेली जबाबदारी आहे.

बायकांनाही ही जागा सहज मिळाली नाही. अमेरिकेतल्या वेस्टमिन्स्टर प्रदर्शनात 1888 साली ॲना व्हिटनी या बाई सेंट बर्नार्ड कुत्र्यांच्या परीक्षक झाल्या. तिथल्या त्या पहिल्या स्त्री परीक्षक. ब्रिटनमधला केनेल क्लब 1873 सालचा, पण त्याचं पूर्ण सभासदत्व बायकांना मिळायला 1979 साल उजाडलं! बायका कुत्री पाळत होत्या, जिंकत होत्या, निवाडाही देत होत्या, पण क्लबात पुरुषांच्या बरोबरीनं बसायची सोय नव्हती. फ्लॉरेन्स नेगल नावाच्या बाईंनी त्यासाठी झगडा केला. त्यांच्या कुत्र्यानं 1960 साली क्रफ्ट्सच्या प्रदर्शनात सर्वोत्तम हा मान मिळवला होता. म्हणजे कुत्रा सर्वोत्तम, पण मालकीणबाई सभासद व्हायला पात्र नाहीत! आहे की नाही गंमत?

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येते.

1859 साली इंग्लंडमध्ये न्यूकॅसल इथं पहिलं रीतसर श्वान प्रदर्शन भरलं. शिकारी कुत्र्यांच्या दोनच जाती होत्या, पॉइंटर आणि सेटर. बक्षीस म्हणून बंदुका ठेवल्या होत्या. आणि निकाल काय लागला? पॉइंटर तपासणाऱ्या परीक्षकाचा कुत्रा सेटरमध्ये पहिला, आणि सेटर तपासणाऱ्याचा पॉइंटरमध्ये पहिला! त्यांनी लबाडी केली असं मी म्हणत नाही. कुत्रे खरोखरच चांगले असतील. पण लोकांच्या मनात शंका यायची ती येणारच. पुढे नियम होत गेले. आज परीक्षकानं स्वतःचा किंवा घरातल्या माणसाचा कुत्रा आपल्या रिंगणात घ्यायचा नाही. ज्यांचे कुत्रे तपासायचे त्यांच्या गाडीतून यायचं नाही, त्यांच्या घरी उतरायचं नाही. निवाडा होण्यापूर्वी कुत्र्यांच्या मालकांची यादीसुद्धा चाळायची नाही.

आम्हा शिक्षकांना हे लगेच पटतं. आपलं मूल ज्या परीक्षेला बसलं, त्या परीक्षेचे पेपर आपण तपासू नयेत, हा साधा संकेत आहे. जिथं नातं आहे तिथं निवाडा नको, आणि निवाडा आहे तिथं नातं नको.

मग सांगा, आपण हा नियम घरी का पाळत नाही?

हल्ली आपल्या लहान गावांतूनही मुलं पुण्याला शिकतात आणि तिथून अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया गाठतात. मग सुनेचं किंवा लेकीचं बाळंतपण निघतं आणि आई किंवा सासूबाई विमानात बसतात. आमच्या ओळखीतल्या एक काकू अशाच अमेरिकेला गेल्या होत्या. मायाळू बाई, हाताला चव, कामाचा उरक दांडगा. पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी सुनेच्या स्वयंपाकघरातले डबे आपल्या पद्धतीनं लावून टाकले. मग बाळाला न्हाऊमाखू घालण्यावरून, मग फ्रीजमधल्या कालच्या भाजीवरून, मग मुलाच्या भांडी घासण्यावरून रोज एकेक शेरा. एकही शेरा मनानं वाईट नव्हता. पण सहा महिन्यांसाठी गेलेल्या काकू तिसऱ्या महिन्यात परतल्या. आता रविवारी फोन येतो, नातू पडद्यावर हात हलवतो, दोन मिनिटांत बोलणं संपतं. दुसऱ्यांदा बोलावणं आलेलं नाही. काकू म्हणतात, "मी काय वाईट सांगितलं गं?"

काकूंनी वाईट काहीच सांगितलं नव्हतं. पण प्रदर्शनातला कुत्रा मालकानं आपणहून नाव नोंदवून, पैसे भरून आणलेला असतो. "बघा आणि सांगा," असं तो स्वतः म्हणत असतो. सुनेनं प्रवेशिका भरलेली नसते, मैत्रिणींनो! तिनं पाहुणी बोलावली होती, परीक्षक नव्हे. आणि दुसरं असं की कुत्र्याच्या जातीचं लेखी वर्णन असतं. घराचं असं वर्णन कुठल्या मंडळानं काढलंय? आपण ताडून पाहतो ते आपल्याच स्वयंपाकघराशी. डबे उजवीकडेच का, तर आमच्याकडे उजवीकडे असतात म्हणून!

तुम्ही विचाराल, मग डोळ्यांवर पट्टी बांधून राहायचं का? मुळीच नाही. लंगडणारा किंवा अंगावर धावून येणारा कुत्रा परीक्षक रिंगणाबाहेर काढतो. तिथं तो भीड ठेवत नाही. तसंच बाळाला ताप आहे, बाळंतिणीचं दुखणं अंगावर काढलं जातंय, शेगडीपाशी मूल रांगतंय, अशा वेळी बोलायलाच हवं. एकदा, स्पष्ट, शांतपणे आणि चारचौघांत नव्हे. बाकी भाजी कालची की आजची, यावर मौन धरलं तर काही बिघडत नाही.

आणि आपण तिशी-चाळिशीतल्या बायकांनी हसत बसू नये. परीक्षक काही फक्त सासूच असते असं नाही. नणंदेच्या घरी दोन दिवस गेलं की परतीच्या एसटीत आपण तिच्या पडद्यांपासून तिच्या मुलांच्या वळणापर्यंत गुण देतोच! आणि आपल्याकडे गावाहून सासूबाई आल्या, त्यांना लिफ्टचं बटण दाबता आलं नाही, की आपल्या कपाळाला आठी पडते ती? तीही परीक्षकीच.

परदेशी जाणाऱ्या परीक्षकांकडून आणखी एक गोष्ट उचलावी. त्या स्वतःचं काम घेऊन जातात. लेक कामावर गेली की "मी आता दिवसभर काय करू?" हा प्रश्न त्यांना पडत नाही. आपल्याला कुत्र्यांतलं कळत नसेल, पण विणकाम येतं, भजनं येतात, मराठी शिकवता येतं. लंडनला 1932 सालापासून महाराष्ट्र मंडळ आहे, अमेरिकेतही गावोगावी मराठी मंडळं आहेत, मुलांसाठी मराठी शाळा चालतात. तिथं पोरांना बाराखडी गिरवून घेणारी आजी कुणाला नको असेल? स्वतःला काम असलं की दुसऱ्याच्या घरातल्या उणिवा शोधायला वेळ उरत नाही, हा माझा अनुभव आहे.

आता जाणाऱ्या मैत्रिणींसाठी (आणि त्यांच्या आयांसाठी) पाच उपयोगी गोष्टी:

1. पासपोर्टची मुदत आधी पाहा. पुष्कळ देशांना प्रवासानंतरही सहा महिने मुदत शिल्लक लागते. पासपोर्टसाठी आता काही मुख्य टपाल कार्यालयांतही केंद्रं आहेत.

2. अमेरिकेचा व्हिसा दहा वर्षांचा असला तरी दहा वर्षं राहता येतं असा अर्थ नाही. किती दिवस राहायचं ते उतरल्यावर तिथला अधिकारी ठरवतो. बहुधा एका खेपेला सहा महिने मिळतात. ती तारीख मुलाला लिहून ठेवायला सांगा. प्रदर्शन, भाषण, शिकवणं असं काही काम असेल तर व्हिसाच्या अर्जात ते खरं सांगा, आमंत्रणाचं पत्र जवळ ठेवा. पाहुणी म्हणून जाऊन पगाराचं काम करता येत नाही.

3. रक्तदाब, साखर असेल तर विमा काढताना लपवू नका. लपवलं तर ऐन वेळी पैसे मिळत नाहीत. गोळ्या मूळ वेष्टनातच न्या आणि डॉक्टरांकडून औषधांची मूळ नावं इंग्रजीत लिहून घ्या.

4. खाऊ नेताना त्या देशाचे नियम विचारा. ब्रिटनमध्ये आपल्याकडून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, तेव्हा पेढे, खवा, तूप घरीच ठेवा. ऑस्ट्रेलिया तर फारच कडक. आपल्या भागातली हळद न्यायची तर बंद पाकिटातली न्या. आणि कुठंही जा, जे नेलंय ते अर्जात लिहा. न लिहिल्यास दंड होतो.

5. काम आणि नातेवाईक दोन्ही असतील तर काम आधी, भेट मागून. डोक्यावरचा भार उतरला की माणूस मनापासून पाहुणा होतो.

आमचे हे हे सगळं वाचून म्हणाले, "म्हणजे बायकांनी बोलायचंच नाही म्हणा की!" मी म्हटलं, बोलायचं तर भरपूर. नातवाशी बोलायचं, जुन्या गोष्टी सांगायच्या, सुनेला "तू कशी आहेस?" विचारायचं आणि तिचं उत्तर पुरतं ऐकून घ्यायचं. परीक्षकाच्या हाती दोन-तीन मिनिटं असतात, म्हणून त्याला झटपट निवाडा द्यावा लागतो. आपल्यापाशी महिने असतात. निवाड्याची घाई आपल्याला कशाला?