विश्लेषण : अ‍ॅपमधला आयकॉन कळला नाही, तर दोष कोणाचा?

लोकलचे तिकीट, मेट्रोचा क्यूआर, वीजबिल, बँक... अंधेरी-बोरिवली असो वा घाटकोपर-मुलुंड, उपनगरांतील रोजचे व्यवहार आता मोबाइलच्या पडद्यावरील छोट्या चित्रांवर, म्हणजेच आयकॉनवर चालतात. रेल्वेनेही १ जुलै २०२५ रोजी आरक्षित, अनारक्षित आणि फलाट तिकिटे एकत्र आणणारे ‘रेलवन’ अ‍ॅप सुरू केले. एका पडद्यावर जितक्या सेवा, तितके आयकॉन. ते सर्वांना कळतात का आणि न कळल्यास काय बिघडते, याचा हा आढावा.

चित्र पाहून अर्थ कळतो का?

नेहमी नाही. कॅमेऱ्याचे चित्र पाहताच कळते. भिंग म्हणजे ‘शोधा’, हे थोडा विचार केल्यावर लक्षात येते. पण मेन्यूच्या तीन आडव्या रेघा कोणी सांगितल्याशिवाय कळत नाहीत. नॉर्म कॉक्स यांनी १९८१ च्या झेरॉक्स स्टार संगणकासाठी त्या आखल्या, यादीसारख्या दिसाव्यात म्हणून. फ्लॉपी कधीही न हाताळलेली मुले आज फ्लॉपीचे चित्र दाबून फाइल सेव्ह करतात. म्हणजे अर्थ चित्रापेक्षा सवयीत जास्त असतो. सवय नसलेल्या आजी-आजोबांना अ‍ॅप ‘अवघड’ वाटते, त्याचे हे एक मोठे कारण.

लोकलचे पट्टे काय शिकवतात?

पहिल्या वर्गाच्या डब्यावरील लाल-पिवळ्या तिरप्या पट्ट्यांत ‘पहिला वर्ग’ सांगणारे काहीच नाही. तरीही गाडी फलाटात शिरताना गर्दीतून ते ओळखू येतात. कारण ते ठळक आहेत, गाडीगणिक बदलत नाहीत आणि सोबत डब्यावर वर्ग लिहिलेलाही असतो. अ‍ॅपमध्ये मात्र एका अपडेटने बटणाची जागा आणि चित्र दोन्ही बदलते. गूगलने २०२० मध्ये जीमेल, ड्राइव्ह, कॅलेंडर आणि मीटचे आयकॉन सारख्याच रंगांत आणले, तेव्हा ते एकमेकांपासून वेगळे ओळखू येत नाहीत, अशी टीका झाली होती. सगळे एकसारखे सुंदर दिसणे आणि प्रत्येक वेगळे ओळखू येणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

चुकीचा अर्थ किती महागात पडू शकतो?

ब्राउझरमधील कुलूप हे त्याचे ठळक उदाहरण. संकेतस्थळाशी होणारी देवाणघेवाण वाटेत कोणी वाचू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. समोरचा माणूस प्रामाणिक आहे, याची ती हमी नव्हे. बनावट संकेतस्थळालाही कुलूप मिळते. गूगलच्या २०२१ च्या पाहणीत केवळ ११ टक्के सहभागींना कुलपाचा नेमका अर्थ समजला होता. अखेर २०२३ मध्ये क्रोमने अ‍ॅड्रेस बारमधून कुलूप काढून तटस्थ चिन्ह आणले. ई-चलनाच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या बनावट एपीके फाइलही याच विश्वासाचा फायदा घेतात. ओळखीचे बोधचिन्ह दिसले, की बोट आपोआप पुढे जाते.

ज्यांना चित्र दिसतच नाही, त्यांचे काय?

दृष्टिहीन व्यक्ती ‘टॉकबॅक’सारख्या सुविधेने पडदा ऐकतात. प्रोग्रामरने आयकॉनला नाव दिले नसेल, तर फोन फक्त ‘बटण’ एवढेच म्हणतो. ओळीने पाच आयकॉन असतील, तर पाच वेळा ‘बटण’. त्यातले पैसे पाठवायचे कोणते, हे कसे कळणार? खरे तर हे नाव देणे म्हणजे कोडमधील एका ओळीचे काम. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. त्यामुळे हा केवळ सौजन्याचा प्रश्न राहिलेला नाही.

मग चांगला आयकॉन कसा असावा?

पहिली गोष्ट, चित्राखाली शब्द हवा आणि तो वापरणाऱ्याच्या भाषेत हवा. चित्राच्या मर्यादा लोकलमध्येही दिसतात. दिव्यांगांच्या डब्यावर चाकाची खुर्ची असते, पण त्यातून कर्करुग्ण आणि गर्भवतींनाही प्रवासाची मुभा आहे. ते चित्रावरून कळत नाही. मराठी शब्द अनेकदा लांब असतात, वर-खाली मात्रा-उकारांना जागा लागते. इंग्रजीसाठी आखलेल्या चौकटीत ते कापले जातात. उपाय चौकट मोठी करण्याचा आहे, शब्द गाळण्याचा नव्हे.

दुसरी, बोटाला पुरेशी जागा हवी. अँड्रॉइडसाठी गूगलची शिफारस किमान ४८ बाय ४८ डीपी, म्हणजे साधारण ९ मिलिमीटरची आहे. तिसरी, केवळ रंगावर भिस्त नको. आकारही वेगळा हवा. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे चाचणी. ‘हे दाबल्यावर काय होईल?’ एवढा एकच प्रश्न कार्यालयातील सहकाऱ्यांऐवजी तिकीट खिडकीच्या रांगेतील प्रवाशांना विचारावा. अनेकांची उत्तरे चुकली, तर प्रवासी नव्हे, आयकॉन नापास.

वापरणाऱ्यांनी काय करावे?

अनेक अ‍ॅपमध्ये आयकॉन दाबून धरल्यास त्याचे नाव दिसते. अ‍ॅप अधिकृत स्टोअरमधूनच घ्यावे आणि चित्राबरोबर ते बनवणाऱ्याचे नावही तपासावे. फसवणूक झाल्यास लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे. आणि घरातल्या कोणी ‘हे कशाचं चित्र आहे?’ असे विचारले, तर त्यांच्या हातातून फोन घेऊन काम उरकू नये. अर्थ सांगावा आणि बटण त्यांनाच दाबू द्यावे. पुढच्या वेळी त्यांना विचारावे लागणार नाही.